ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन दलं बंद करायची? एका मजकुराला उत्तर

ग्रामीण भागातली स्वयंसेवी अग्निशमन दलं मोडीत काढा आणि त्यांच्यावरचा पैसा पगारी दलांना आणि विमानांना द्या, असं सांगणारा मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हौशी माणसं आगीत उतरली की स्वतःचा जीव गमावतात, खरी आग शेवटी पगारी जवानच विझवतात, विमानं आल्यावर नळ्या घेऊन धावणाऱ्यांची गरज उरलेली नाही, लोकांना सावध करायला मोबाइलवरचा इशारा पुरतो, लोकांवर हे काम सोपवणं म्हणजे सरकारने हात झटकणं, आणि तरुण गाव सोडून चाललेत, तेव्हा ही दलं तशीही संपणारच.

यातला सरकारबद्दलचा मुद्दा निम्मा खरा आहे. बाकीचे चुकीचे आहेत, आणि ते खरे मानून कुठलं दल बंद पडलं तर त्याची किंमत पुढच्या वणव्यात तिथल्या लोकांना मोजावी लागेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हौशी माणसांना आगीत उतरवणं म्हणजे त्यांना मारणं"

हा मुद्दा पटकन पटतो, कारण तो काळजीपोटी आल्यासारखा वाटतो. पण पगार न घेणारा माणूस आणि प्रशिक्षण नसलेला माणूस हे दोन वेगळे. जर्मनीत सुमारे 10 लाख स्वयंसेवक अग्निशामक आहेत. पूर्णवेळ पगारी दलं शंभराच्या आसपास मोठ्या शहरांतच आहेत. तिथल्या नव्या स्वयंसेवकाला मूळ प्रशिक्षणाचा पहिला टप्पाच किमान 70 तासांचा असतो, आणि पुढचं शिक्षण आपल्या दलात काम करता करता चालतं. श्वसनयंत्र पाठीवर घेऊन धुरात शिरायचं असेल तर त्याचा वेगळा अभ्यासक्रम, वेगळी वैद्यकीय तपासणी आणि दरवर्षी सराव. ऑस्ट्रियात व्हिएन्ना, ग्राझ, लिंझ, साल्झबुर्ग, इन्सब्रुक आणि क्लागेनफुर्ट या 6 शहरांपुरतीच नगरपालिकांची पगारी दलं आहेत. उरलेल्या देशाचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे.

चिलीचं उदाहरण तर थेट राजधानीचं आहे. 8 डिसेंबर 1863 रोजी सांतियागोमधल्या एका चर्चला आग लागून 2000 हून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. त्याच महिन्याच्या 20 तारखेला शहराचं स्वयंसेवी अग्निशमन दल उभं राहिलं. आजही त्या महानगरातल्या इमारतींच्या आगी आणि रस्त्यावरच्या अपघातांतली सुटका हे काम स्वयंसेवकच करतात. उंच इमारतींच्या शहरात जे दीडशेहून जास्त वर्षं चाललं, ते खेड्यात जमणार नाही म्हणायला काहीतरी आधार हवा.

स्वयंसेवक मरतात, हे खरं आहे. ते कसे मरतात आणि त्यानंतर काय करता येतं, याचं एक प्रकरण नीट सांगण्यासारखं आहे. 2 डिसेंबर 1998 रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लिंटन गावाजवळच्या जंगलात एका बंबावरचे 5 स्वयंसेवक जळून मेले. ते आगीच्या तोंडासमोर नव्हते, बाजूला होते. संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलली. लांबट पसरलेल्या आगीची अख्खी बाजू एका झटक्यात तोंड बनली आणि त्यांच्यावर आली. त्यांच्या टाकीत स्वतःला वाचवण्याइतकं पाणी उरलेलं नव्हतं. जवळच्याच दुसऱ्या बंबात थोडं पाणी होतं, त्यावरचे लोक वाचले.

मरणोत्तर चौकशी काही वर्षं चालली. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. किमान कौशल्यांचं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय कोणत्याही स्वयंसेवकाने आगीवर जायचं नाही. आणि टाकीतलं ठरावीक पाणी बंबावरच्या माणसांसाठी राखून ठेवायचं, समोर काहीही जळत असलं तरी ते वापरायचं नाही. मजकूर लिहिणाऱ्याच्या तर्काने जायचं ठरवलं असतं तर त्या राज्यातली ग्रामीण दलं 1998 सालीच बंद झाली असती. तिथल्या लोकांनी नियम बदलले, आणि त्या नियमांखाली पुढे हजारो माणसं आगीवर जाऊन घरी परतली. प्रशिक्षण अपुरं असेल तर ते पुरं करा, ही मागणी मी कुठेही उभा राहून करेन.

"खरी आग पगारी जवानच विझवतात"

मोठी आग विझवायला मोठी यंत्रणा लागते, यात वाद नाही. पण प्रत्येक आग काही वेळ लहान असते आणि तो वेळ फार थोडा असतो. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन प्रकारच्या खोल्या पेटवून तुलना केली. फोमच्या गाद्या आणि कृत्रिम धाग्यांचं सामान असलेली खोली 5 मिनिटांच्या आत पूर्ण भडकली. लाकूड, कापूस अशा जुन्या धर्तीच्या सामानाच्या खोलीला तेवढं व्हायला 29 मिनिटं लागली. वाळलेल्या गवताला तर खोलीच्या भिंतीही नसतात. चढणीचा उतार दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुपटीने वाढतो, असा आडाखा नव्या स्वयंसेवकांना शिकवतात. शहरातला बंब तासभर लांब असेल तर तो येईपर्यंत एका बांधाची आग डोंगराची झालेली असते.

स्वयंसेवकही हवेतून येत नाहीत. ते घरातून, शेतातून, दुकानातून निघतात, ठाण्यावर जमतात, गणवेश चढवतात, बंब काढतात. पेटलेली पहिली खोली वाचवणं त्यांनाही बहुतेकदा जमत नाही. त्यांच्या हातात असतं ते आगीला दुसऱ्या घरात, गोठ्यात, मागच्या गवतात जाऊ न देणं. माझ्या मते ग्रामीण दलाचं मोल इथे ठरतं, आणि ते मोजलं जात नाही, कारण जे जळलं नाही त्याची बातमी होत नाही.

शिवाय जवळच्या माणसाकडे अशी माहिती असते जी लांबच्या दलाला मिळवायला वेळ लागतो. कोणत्या वाटेवर जड गाडी रुतते, पाणी कुठे भरता येतं, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. याचं सगळ्यात ठळक उदाहरण आगीचं नाही, भूकंपाचं आहे. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे जपानमध्ये कोबेजवळ भूकंप झाला. केंद्राजवळच्या अवाजी बेटावरच्या होकुदान या छोट्या गावात घरं कोसळली आणि सुमारे 300 माणसं ढिगाऱ्याखालून काढली गेली, मुख्यतः गावच्याच स्वयंसेवी दलाने आणि शेजाऱ्यांनी, त्याच दिवशी. कोण कोणत्या खोलीत झोपतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी नेमक्या जागी खणलं. बाहेरून आलेल्या कितीही कुशल पथकाला ही माहिती पहिल्या तासात मिळाली नसती.

"आता विमानं आहेत"

विमानातून टाकलेलं पाणी किंवा रसायन आगीचा जोर कमी करतं आणि जमिनीवरच्या माणसांना वेळ मिळवून देतं. ते अतिशय उपयोगाचं आहे. पण त्याने वणवा संपत नाही. खोडं, मुळं, पालापाचोळ्याचे थर आतून धुमसत राहतात आणि दुसऱ्या दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटतात. ते खणून, उलथून, पाण्याने भिजवून, हाताच्या पालथ्या बाजूने धग तपासून विझवावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, दिवसेंदिवस चालतं, आणि ते माणसांनीच करावं लागतं. जाळरेषा काढणं, म्हणजे आगीला पुढे जळायला काही मिळू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा पट्टा करणं, हेही तसंच.

त्यातही आग जेव्हा सगळ्यात भयंकर असते, नेमकं तेव्हाच विमानांचे हात बांधलेले असतात. जोराचा वारा, दाट धूर, रात्र. 2019-20 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात 2 कोटी 40 लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र जळलं. त्या देशाकडे जगातली मोठी पाणीफेकी विमानं होती, परदेशांतूनही आली होती. तरीही आघाडीवर बहुतांश माणसं स्वयंसेवी दलांचीच होती, आणि काही प्रचंड वणवे अखेर फेब्रुवारीतल्या पावसानेच थांबले. विमानं हवीत, जमिनीवरच्या दलांच्या जोडीला हवीत.

"सावध करायला मोबाइल पुरतो"

इशारा मिळणं आणि त्यावर काय करायचं हे आधीपासून माहीत असणं यांत फार अंतर आहे. व्हिक्टोरियात 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत 173 माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशीत इशारे उशिरा आणि अपुरे पोचल्याचं दिसलं, तसंच थांबून घर वाचवायचं की निघून जायचं याचा निर्णय अनेकांनी शेवटच्या क्षणापर्यंत घेतला नव्हता हेही दिसलं. तो निर्णय ऐन धुरात घेता येत नाही. तो आधी घ्यायचा असतो, घरातल्या सगळ्यांनी मिळून, आणि त्यासाठी कुणीतरी ओळखीच्या माणसाने दारात येऊन बोलावं लागतं.

वणव्यात घरं बहुतेक करून ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. पन्हाळीत साचलेला पाला, भिंतीला लागून रचलेली लाकडं, छपराच्या फटी, इथे ते निखारे अडकतात. हे बघायला आणि दाखवायला अर्धा तास पुरतो, पण ते त्या घराच्या अंगणात उभं राहूनच दाखवता येतं. स्वयंपाकघरातलंही तसंच. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आच बंद करून झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही; एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे 1700 पट होतं आणि ती जळतं तेल सगळीकडे उडवते. हे एकदा प्रत्यक्षात पाहिलेला माणूस विसरत नाही. चालू स्थितीतल्या धूरसूचकाने घरातल्या आगीत मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, पण त्याची बॅटरी तपासायला म्हाताऱ्या माणसाकडे शिडीवर चढणारं कुणी लागतं. ग्रामीण दलं हे काम आग नसलेल्या दिवशी करतात. ते बंद केलं तर कोण करणार, याबद्दल त्या मजकुरात एक ओळही नाही.

"सरकारने हात झटकले"

इथे मजकूर लिहिणाऱ्याचा राग रास्त आहे. फाटके गणवेश, जुनाट बंब, विम्याचा पत्ता नाही आणि वर कौतुकाची भाषणं, असं जिथे चालतं तिथे लोकांच्या चांगुलपणाची लूट चालते. माणूस दिवसेंदिवस कामावरची रजा खर्चून आगीवर जातो आणि महिनाअखेरीस त्याच्या घरात पैसे नसतात, हे कोणत्याही देशाला शोभत नाही. डिसेंबर 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारला हे मान्य करावं लागलं. त्या हंगामात 10 दिवसांहून अधिक काम करून उत्पन्न बुडालेल्या स्वयंसेवकांना दिवसाला 300 डॉलरपर्यंत, एकूण 6000 डॉलरपर्यंत भरपाई जाहीर झाली. ती उशिरा आली, आणि वणव्यांच्या मधोमध मागावी लागली, हे चुकीचंच.

पण यातून निघणारा निष्कर्ष दलं बंद करण्याचा कसा होतो? जर्मनीतल्या राज्यांच्या कायद्यांनुसार आगीची हाक आली की मालकाने स्वयंसेवकाला कामावरून सोडायचं, त्याचा पगार चालू ठेवायचा, आणि खासगी मालकाला ती रक्कम गावच्या प्रशासनाने भरून द्यायची. उपकरणं आणि अपघाताचा विमा ही स्वयंसेवकाच्या खिशातून भागवायची गोष्टच नाही. सरकारने जबाबदारी घ्यायची आणि लोकांनी हात लावायचा, हे दोन्ही एकाच वेळी होतं, वर्षानुवर्षं होतं. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी ही मागणी केली असती तर मी त्यांच्यासोबत सही केली असती.

"तरुणच नाहीत, दलं मरणारच"

संख्या घटते आहे, हे मान्य. जपानमध्ये एके काळी 20 लाख स्वयंसेवक होते, आता ते 8 लाखांच्याही खाली आहेत. वय वाढतंय, आणि नोकरी लांबच्या शहरात असल्यामुळे दिवसा गावात माणसंच नसतात. दिवसाची हाक ही आज अनेक देशांतल्या ग्रामीण दलांची मोठी अडचण आहे.

पण जिथे यावर विचार झाला तिथे मार्ग निघाले आहेत. जपानने 2005 पासून मर्यादित कामाचे सदस्य घ्यायला सुरुवात केली: कुणी फक्त मोठ्या आपत्तीत येईल, कुणी फक्त जनजागृती करेल, निवृत्त झालेला जुना सदस्य दिवसा पंप सांभाळेल. जर्मनीत अडीच लाखांहून अधिक मुलं-मुली बालवयातच दलाच्या युवा शाखेत येतात आणि त्यातली बरीचशी पुढे मुख्य दलात दाखल होतात. वर्षानुवर्षं पुरुषांचीच मानली गेलेली दलं स्त्रियांसाठी उघडली की अनेकदा दिवसाच्या हाकेला धावणारी माणसं तिथेच सापडतात. प्रत्येकाने ज्वाळांसमोर उभं राहायचं नसतंच. बिनतारी संदेश सांभाळणं, बंब चालवणं, नकाशावर आगीची कड आखत राहणं, थकलेल्यांची पाळी बदलणं, यांतलं एकही काम कमी महत्त्वाचं नाही.

ज्यांना हा मजकूर पटला असेल त्यांना एक विनंती. तुमच्या जवळच्या दलाकडे जा आणि दोनच प्रश्न विचारा: कामाच्या दिवशी दुपारी हाक आली तर किती माणसं येऊ शकतात, आणि त्यांतल्या किती जणांचं प्रशिक्षण पूर्ण आहे. मिळालेले आकडे त्या मजकुराखाली जोडा आणि मग तो पुढे पाठवा.