‘क्रिया लांबली की इंपार्फे’? चौदाव्या लुईचं काय करायचं मग?

फ्रेंच शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर परीक्षा जवळ आली की एक तक्ता हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्तमानकाळातलं ‘नू’चं (‘आम्ही’चं) रूप घ्या, शेवट बदला, झाला इंपार्फे (फ्रेंचमधला एक भूतकाळ), अपवाद एकटा ‘एत्र’ (असणे). अर्थ ‘करत होतो’. क्रिया बराच वेळ चालली तर इंपार्फे, झटक्यात संपली तर पासे कॉम्पोझे (दुसरा भूतकाळ). ‘तूजूर’ (नेहमी), ‘सूव्हाँ’ (पुष्कळदा) असे शब्द दिसले की डोळे मिटून इंपार्फे. आणि हा काळ फक्त भूतकाळ सांगतो. अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं काय किंवा देल्फ या फ्रेंचच्या परीक्षेला बसणारी मोठी माणसं काय, यावर विसंबणारे पुष्कळ आहेत. यातला पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे दगा देणारे.

रूपांचं आधी उरकू. ‘प्राँद्र’ म्हणजे घेणे. ‘नू प्रनों’मधला ‘ओं’ काढला की उरतं ‘प्रन’; त्यावरून ज प्रने (मी), त्यु प्रने (तू), इल प्रने (तो), नू प्रनियों (आम्ही), व्हू प्रनिये (तुम्ही), इल प्रने (ते). सहापैकी चार रूपं कानाला एकच, पण लिहिताना त्यांचे शेवट तीन तऱ्हेचे: ए-आय-एस, ए-आय-टी, ए-आय-ई-एन-टी. (जुन्या छापील पुस्तकात इथे ए-आयच्या जागी ओ-आय दिसलं तर दचकू नका. लेखक व्होल्तेरने ए-आयचा आग्रह अठराव्या शतकातच धरला होता. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाने तो मानला १८३५ साली.) तक्ता जे सांगत नाही ते असं की ‘फाल्वार’ (लागणे, हवं असणे) आणि ‘प्लव्ह्वार’ (पाऊस पडणे) यांना ‘नू’चं रूपच नाही. त्यामुळे ‘इल फाले’, ‘इल प्लव्हे’ सरळ लक्षात ठेवायची. ‘फेर’चं (करणे) रूप ‘फझे’. लिहिताना ए-आय दिसतं म्हणून ‘फेझे’ म्हणायचं नाही. ‘एत्युदिए’ (अभ्यास करणे) यासारख्या क्रियापदांत ‘नू’ आणि ‘व्हू’च्या रूपांत दोन आय शेजारीशेजारी येतात. छपाईची चूक समजून एक खोडलात, तर वाक्य गुपचूप वर्तमानकाळात जातं.

आता वेळेच्या लांबीचा नियम, कारण सगळ्यात जास्त घोळ यानेच होतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६४३ ते १७१५ गादीवर होता. फ्रेंच माणूस हे सांगताना म्हणतो, ‘लुई कातोर्झ आ रेन्ये स्वासाँत-दूझ आँ’. ७२ वर्षं, आणि पासे कॉम्पोझे! शंभर वर्षांचं म्हणून ओळखलं जाणारं युद्ध १३३७ ते १४५३ चाललं, तरी तेही ‘आ द्युरे’ (चाललं), म्हणजे पासे कॉम्पोझेच. उलट बाजूने पाहा. १४ जुलै १७८९ला पॅरिसकरांनी बास्तीयचा तुरुंग घेतला, हे वर्तमानपत्री किंवा इतिहासाच्या लिखाणात ‘ले पारिझियँ प्रने ला बास्तीय’ असं इंपार्फेत लिहिलेलं चालतं. सगळा मामला एका दिवसाचा. याहून मजेशीर वाक्य म्हणजे ‘युन मिन्युत द प्ल्यूस, ए ल त्रँ देराये’: अजून एक मिनिट, आणि गाडी रुळावरून घसरलीच असती. म्हणजे घसरलीच नाही! जी क्रिया क्षणभरही घडली नाही तिला लांब म्हणायचं तरी कसं?

घड्याळाचा इथे संबंध नाही. घटना सुरुवात-शेवटासकट, संपलेली म्हणून सांगायची असेल तर पासे कॉम्पोझे. ती चालू असतानाचं चित्र दाखवायचं असेल, टोकं दाखवायची नसतील, तर इंपार्फे. ‘७२ वर्षं’ असं मोजलं की दोन्ही टोकं आपोआप आली. मराठी माणसाला हे शिकवावंसुद्धा लागू नये. ‘लुईने ७२ वर्षं राज्य केलं’ असं आपण म्हणतो, ‘करत होता’ म्हणत नाही. पण ‘लुई राज्य करत होता तेव्हा व्हर्सायचा राजवाडा उभा राहिला’ हेही बिनचूक म्हणतो. तक्ता पाठ केला की ही जन्मजात समजच बिघडते.

मग ‘इंपार्फे म्हणजे करत होतो’ हे तरी बरोबर ना? अर्धवट. ‘ज प्रने ल त्रँ’ म्हणजे ट्रेन पकडत होतो, तसंच ट्रेन पकडायचो. शाळेच्या व्याकरणातला अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ, दोन्ही त्या एका रूपात. शिवाय ‘ज साव्हे’ म्हणजे मला माहीत होतं, पण ‘जे स्यू’ म्हणजे मला कळलं. ‘ज कोनेसे’ ओळखत होतो, ‘जे कोन्यू’ ओळख झाली. ‘इल न व्हूले पा’ म्हणजे त्याची इच्छा नव्हती. ‘इल ना पा व्हूल्यू’ म्हटलं की त्याने चक्क नकार दिला. मराठी अशा ठिकाणी बहुतेक वेळा शब्दच बदलते, फ्रेंच नुसता काळ बदलून काम भागवते. ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ यांत ‘करत होतो’ शोधणाऱ्याने दोन्हीकडे एकच काळ लिहिला तर त्याचा दोष नाही.

खुणेच्या शब्दांचं फार ताणत नाही. ‘जे तूजूर एमे ला प्लुई’: पाऊस मला कायमच आवडत आलाय. ‘तूजूर’ आहे, काळ पासे कॉम्पोझे. एका ठिकाणी मात्र मराठीही आपल्याला फसवते. ‘दोन वर्षं रोज ट्रेनने जायचो’ हे आपल्याला सहज वाटतं. फ्रेंचमध्ये साधारणपणे ‘पाँदाँ दझाँ, जे प्री ल त्रँ तू ले जूर’ येतं. सवय रोजची असली तरी ‘दोन वर्षं’ म्हणून तिला कुंपण पडलं. कुंपण काढा, ‘प्रने’ परत आलं.

राहिला ‘फक्त भूतकाळ’. ‘सी ऑनाले ओ सिनेमा?’ म्हणजे ‘सिनेमाला जायचं का?’, बेत आज संध्याकाळचा, क्रियापद इंपार्फेत. खेळ मांडताना फ्रेंच मुलं ‘ऑं दिझे क जेते ला रेन’ म्हणतात, म्हणजे ‘समजा मी राणी’. आणि ‘सी जाव्हे द लार्जाँ’ म्हणजे ‘पैसे असते तर’: आत्ता, या घडीला नाहीत. त्या ‘सी’नंतर ‘रे’ने संपणारं संकेतार्थी रूप घालू नये म्हणून तिकडच्या शाळांत ‘ले सी नेम पा ले रे’ असं सूत्र शिकवतात; ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही. तेही आंधळेपणाने वापरायचं नाही. ‘तो येईल का, याचा विचार करत होतो’ हे वाक्य ‘ज म दमाँदे सिल व्ह्यँद्रे’ असंच होतं. इथला ‘सी’ ‘जर’चा नाही, ‘का’चा आहे, आणि त्याला ‘रे’ बिनतक्रार चालतो.