उभी केलेली गाडी उभीच राहावी म्हणून

जुनी गाडी छंद म्हणून पाळणारा माणूस कार्ब्युरेटरवर तासन्‌तास बोलू शकतो. मात्र ही गाडी उभी केल्यावर उभीच राहते का, असे कोणी विचारले की त्याला एखादे तातडीचे काम आठवते. विलीस कंपनीने १९५३ साली नवे, उंच इंजिन मावावे म्हणून जिचे बॉनेट उंचावले, त्या सीजे-३बी घराण्यातली महिंद्राची जुनी जीप माझ्याकडे आहे आणि आमच्या सोसायटीचे पार्किंग उतारावर आहे. साहजिकच हा प्रश्न मला सोसायटीचे सेक्रेटरी वारंवार विचारतात, आणि तेही जीपच्या खालच्या अंगाला स्वतःची नवी गाडी उभी करून.

या जीपचा हँडब्रेक मुळात चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या, मागे एक छोटा ड्रम असतो, तो मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला, प्रॉपेलर शाफ्टला, धरतो, आणि मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातचक्रांचे, गुणोत्तर ५.३८ असल्यामुळे त्याची पकड चाकांपर्यंत पोचेतो पाचपटीहून अधिक होते. कल्पना सुंदर आहे. फक्त त्या ड्रमला खेटूनच असलेले ऑइल सील उतारवयात गळू लागते आणि ब्रेकच्या शूंना, म्हणजे ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या पट्ट्यांना, नव्वद नंबरच्या ऑइलने बारमाही अभ्यंगस्नान घडते. शिवाय मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलच्या कृपेने ते अधांतरी चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक खुशाल चालू लागते. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही पंक्चर काढायला बसलेल्या माणसाला गाडी सोडून जाऊ शकते.

पर्याय सुचवणाऱ्यांची अर्थातच वाण नव्हती. एका तरुण मित्राने इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचा आग्रह धरला. जी गाडी महिन्यातून एकदा धक्क्यावर सुरू होते, तिची बॅटरी उतरली आणि ब्रेक आवळलेलाच राहिला, तर धक्का कशाला मारायचा, एवढेच मी विचारले. दुसऱ्याने ब्रेकच्या नळीतला दाब कोंडून ठेवणारा लाइन लॉक सुचवला. पण त्या नळीला जोडलेल्या सिलिंडरांची रबरे जिथे रात्रभर दाब धरीत नाहीत, तिथे पहाटे काय होईल हे सेक्रेटरींना आधी कळले असते. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक, बसवण्याचा विचार मात्र मी गंभीरपणे केला. तिथे अडचण निघाली ती अशी की, घाट उतरून तापलेली डिस्क निवताना आकसते आणि पकड सैल पडू शकते. तेव्हा चढावर धरलेली गाडी मालक मिसळीची दुसरी प्लेट मागवीत असताना निघू शकते. उलट ड्रम निवताना शूंवर आवळतो, म्हणून जुन्या लोकांचा ड्रमवरचा विश्वास मला निव्वळ हट्ट वाटत नाही.

दरम्यान मी नियमही वाचले. आर१३-एच या आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोटारीच्या पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी वीस टक्के चढावर धरावी आणि त्यासाठी हाताला चारशे न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण चाळीस किलोपेक्षा, जास्त जोर लागू नये. माझ्या डॅशबोर्डाखालची मूठ ओढताना चेहऱ्याला लागणारा जोर नियमात कुठे धरलेला दिसला नाही.

शेवटी मी मूळ ड्रमच ठेवून नवे सील, नवे शू आणि नवी केबल घातली, आणि शिवाय मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमवर केबलचा वेगळा हँडब्रेक बसवून घेतला. मिस्त्रींनी जीप उतारावर उभी केली, दोन्ही ब्रेक ओढले, चौघांना मागून ढकलायला लावले. जीप हलली नाही. मी खिशातून पैसे काढत असताना ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. शू गंजून ड्रमला चिकटतात." माझी जीप वर्षातला बराच काळ उभीच असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी कोपऱ्यातले दोन लाकडी ठोकळे उचलून मागच्या सीटवर ठेवले, आणि ठोकळ्यांचे पैसे घेतले नाहीत.