पडद्याबाहेरचा विमा

विम्याचे एजंट बहुधा पुरुष असतात, ही गोष्ट बँकेतल्या साहेबांच्या लक्षात आली नसावी. फेशियलच्या नव्या मशीनसाठी कर्ज मंजूर करताना ते सहज म्हणाले, ‘‘मॅडम, तेवढा दुकानाचा विमा उतरवून कागद आणून द्या.’’ आमच्या पार्लरच्या दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी आहे, आत जाड मरून रंगाचा पडदा आहे आणि पडद्यामागे कुठल्याही वेळी निदान दोघी तरी अशा अवस्थेत असतात की त्यांच्या नवऱ्यांनीही त्यांना ओळखू नये. एजंट निघाले आमच्या एका जुन्या क्लायंटचेच यजमान. ते बाहेर स्टुलावर बसले, मी आत उभी राहिले आणि धंद्यावर येऊ शकणारी यच्चयावत संकटं आम्ही त्या पडद्यातून एकमेकांना ओरडून सांगितली.

‘‘ताई, इमारत कुठल्या सालची?’’

‘‘१९४० च्या आधीची. उपकरप्राप्त, अ वर्ग. पागडीची.’’

जुनी म्हणून दुरुस्तीचा उपकर लागलेली, आणि पागडीची, म्हणजे मी नुसती भाडेकरू. बाहेर शांतता. मग फॉर्मचं पान उलटल्याचा आवाज. ‘‘मग इमारतीचा विमा तुम्हाला नाही काढता येणार. तो मालकांनी काढायचा.’’

आमचे मालक जिन्यातला बल्ब बदलत नाहीत. ते म्हणे विमा काढणार! थोडक्यात, आतलं जे माझं, त्याचाच विमा. खुर्च्या, आरसे, एसी, स्टीमर, वॅक्सचे हीटर. मी स्वखर्चाने घातलेलं फॉल्स सीलिंग माझं. त्याच्या वरचं खरं सीलिंग, जे कधीही खाली येऊ शकतं, ते मालकांचं.

एजंटनी दोन पॉलिसी सांगितल्या. एक जुनी, दुकानदारांसाठीची पॅकेज पॉलिसी; तिच्यात आग, घरफोडी, काच, गल्ल्यातली रोकड असे वेगवेगळे विभाग असतात आणि आपल्याला हवे ते घ्यायचे. दुसरी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांनी एकाच नमुन्यात द्यायची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्यांसाठी. पाच कोटी ऐकून फेसपॅकखालच्या एक मावशी हसल्या आणि त्यांचा पॅक हनुवटीपाशी तडकला. तो पुन्हा लावून द्यावा लागला. हा खर्च कुठल्या विभागात मागायचा, ते मी विचारलं नाही.

मग निघाला किमतीचा विषय. सासूबाई काउंटरवर बसतात. त्यांचं म्हणणं, आकडा कमीच सांगावा, उगाच दृष्ट लागते. माझ्या यजमानांनीही फोनवर तेच सांगितलं, फक्त कारण हप्त्याचं दिलं, वर अठरा टक्के जीएसटी. एजंटनी पडद्याबाहेरून दोघांनाही एकदमच गप्प केलं. आठ लाखांचं सामान चार लाखांचं दाखवलं आणि दोन लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणते, तुम्ही निम्माच विमा काढला होता, म्हणून निम्मेच घ्या. हाती एक लाख. सूक्ष्म उद्यमवाल्या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण सासूबाईंची दृष्ट पन्नास टक्क्यांची होती.

‘‘बिलं आहेत ना सगळ्याची?’’

आता क्रॉफर्ड मार्केटमधून गर्दीत घासाघीस करून आणलेल्या मालाचं बिल मागितलं, तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग भाव वाढवतो. आहेत ती बिलं मी डब्यातून काढून पडद्याखालून सरकवली. त्यांत एक चकलीच्या भाजणीचंही निघालं.

हिंदमाताजवळ राहून पुराबद्दल न विचारणं म्हणजे रायगडावर जाऊन महाराजांबद्दल न विचारणं. पूर दोन्ही पॉलिसींत येतो, असं एजंट म्हणाले, आणि वर त्यांनी २६ जुलै २००५ ची आठवण काढली. ती काढायची नसते. चार खुर्च्यांवरून चार बायकांचे २६ जुलै एकदम सुरू झाले. कुणी रात्र बसमध्ये काढलेली, कुणी कमरेएवढ्या पाण्यातून कुर्ल्याहून चालत आलेली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, हे एजंटनी सांगून पाहिलं. कुलाब्याला त्याच दिवशी ७३ च होता, हेही सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मुंबईत ज्याचा त्याचा पाऊस स्वतःचा असतो. आता महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या आहेत, पाणी लवकर ओसरतं. पण लवकर ओसरायला ते आधी यावं लागतं, आणि येतं ते माझ्या उंबऱ्यावरून.

माझं खरं दुखणं पुराचं नव्हतंच. वरच्या मजल्यावरच्या काकूंची मोरी माझ्या फेशियलच्या बेडवर झिरपते. विम्याचा नियम मोठा मानी आहे: पाइप फुटला, टाकी भरून वाहिली, तर भरपाई, रोज थोडं थोडं झिरपलं, तर ती तुमची हयगय. काकू स्वभावाने शांत, त्यांचा पाइपही शांत. त्याला एकदाचं फुटायला सांगावं तरी कसं?

चोरीचंही तसंच. सेल्समन म्हणून आत शिरून कुणी स्ट्रेटनर पिशवीत घातला, तर ती चोरी आहे, पण घरफोडी नाही. घरफोडीच्या कलमाला जबरदस्तीने प्रवेश लागतो, तुटलेलं कुलूप, वाकलेलं शटर. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये हेच सांगितलंय म्हणे. म्हणजे चोराने थोडी मेहनत घेतली पाहिजे.

यापुढचा विभाग एजंटनी जरा जास्तच मोठ्याने वाचला. ‘‘नोकरांच्या अप्रामाणिकपणामुळे होणारं नुकसान!’’

आमच्याकडे कामाला असलेली मुलगी त्या वेळी एका वहिनींचं अप्परलिप करत होती. दोरा दातांत. तो तिने सोडला नाही, पण हात थांबला. अर्ध्या ओठाची लव निघालेली, अर्धी जागेवर, आणि वहिनींचे डोळे माझ्याकडे. मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, ‘‘नको. ते घरचंच माणूस आहे.’’ दोरा पुन्हा सुरू झाला, पण वहिनींच्या किंकाळीवरून वाटलं, राग थोडा उरलाच होता. तिला वॅक्सने भाजलं तर कायद्याने भरपाई मी द्यायची असते. तो विमा मात्र मी लगेच ‘हो’ म्हणून टाकला, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग मी माझा प्रश्न विचारला. आग, पूर, भूकंप सगळं ठीक. पण पार्लरमध्ये खरोखर घडतं ते वेगळंच. हेअर डाय लावला आणि टाळू सुजली, ब्लीचने गाल लाल झाला, तर?

‘‘ते यात नाही. गिऱ्हाईक तुमच्या फरशीवर घसरलं, तर पब्लिक लायबिलिटी. ट्रीटमेंटने काही झालं, तर त्याची लायबिलिटी वेगळी, पॉलिसी वेगळी.’’

म्हणजे आरशाचा विमा होतो, आरशातल्या चेहऱ्याचा वेगळा. एजंटनी मग दिल्लीची गोष्ट सांगितली. एका पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनमध्ये केस फारच आखूड कापले गेले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटी रुपये द्यायला सांगितले. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द करून, नुकसानीचा पुरावा बघा, म्हणून प्रकरण परत पाठवलं. पण हे दुसरं वाक्य कुणाच्या कानावर गेलंच नाही. ‘दोन कोटी’ ऐकल्यावर डोक्याला फॉइल लावून बसलेल्या बाईंनी आपली वेणी हातात घेऊन टोकापासून मुळापर्यंत अशी काही नजर फिरवली की मी त्या दिवशी ट्रिमिंगला अर्ध्या इंचाच्या वर गेले नाही.

ती वेगळी पॉलिसीही घेतली. मशीनचे, खुर्च्यांचे फोटो काढायला एजंट मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी आले, पडदा बाजूला करून. इतक्या वेळा बोलूनही आत काय आहे ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि बायकोचे महिन्याचे पैसे कुठे जातात, हेही.

पॉलिसी हातात आल्याच्या आठवड्यात त्यांची बायको आली. बसायच्या आधीच म्हणाली, ‘‘ह्यांनी सांगितलं, चेहऱ्याला काही झालं तर आता तुमच्याकडे त्याचीही सोय आहे. मग तो महागातला पील आज करूनच टाकू या!’’

‘‘आधी कानामागे पॅच टेस्ट. दोन दिवसांनी या.’’

‘‘अहो, उद्या पुतणीचा साखरपुडा आहे!’’

‘‘मग आयब्रो करा,’’ मी म्हटलं, आणि मुलीला दोरा आणायला सांगितला.