गाडीच्या काचा बंद करून, हीटर लावून झोपू नका

थंडीची चाहूल लागली की म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत हिवाळ्यात गाडी सांभाळण्याच्या सहा नियमांचा एक लांबलचक संदेश फिरू लागतो. रोज सकाळी उभ्या गाडीचं इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवा. दव पडलेल्या काचेवर गरम पाणी ओता. चाकांतली हवा कमी करा. गोव्यात बर्फ पडत नाही, तेव्हा कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधं पाणी चालतं. डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळा. आणि हिमाचल-काश्मीरच्या सहलीत गाडीत रात्र काढायची वेळ आलीच, तर काचा घट्ट लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपा. यातला एकही नियम पाळण्यासारखा नाही. शेवटचा जीव घेणारा आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला काही बिघडतंय हे कळतच नाही. बर्फात अडकलेल्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर मागे फिरून गाडीत शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात अडकलेल्या गाड्यांत २० हून अधिक माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. या मृत्यूंमागे थंडीबरोबरच हा वायू हेही एक प्रमुख कारण मानलं गेलं. अशी वेळ आलीच तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी हातांनी उकरून काढा, इंजिन तासातून दहा मिनिटंच चालवा, तेवढा वेळ ज्या बाजूनं वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि एकानं तरी जागं राहा. ऊब घोंगडी-ब्लँकेटनं मिळवायची, इंजिनानं नव्हे.

आपल्याकडे हाच धोका एसीच्या वाटेनं येतो. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर मध्यरात्रीच्या विमानाची वाट पाहत एसी लावून डुलकी काढणारे टॅक्सीचालक दादा आपण सगळ्यांनी पाहिलेत. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेनं सायलेन्सरचा पाइप गंजतो, खालून भोक पडतं, आणि उभ्या गाडीतला धूर आत शिरायला वाट मिळते. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवून क्षणभरही बसू नये. घरात कोणी टॅक्सी चालवत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आता कूलंट. 'बर्फ नाही, मग कूलंट कशाला' हे ऐकायला पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच ते जास्त नुकसान करतं. पाणी गोठू न देणं हे कूलंटच्या तीन कामांपैकी फक्त एक. उरलेली दोन गोव्यात बाराही महिने लागतात. एक, उकळण्याचा बिंदू वर नेणं: चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा याची किंमत कळते. दुसरं, गंज रोखणं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेला रेडिएटर उघडला की आतला तांबूस गाळ मेकॅनिक तुम्हाला दाखवेल. तोच गाळ वॉटर पंपही खातो.

आणि तीच पाण्यावरची गाडी घेऊन कोणी डिसेंबरात मनालीला गेला, तर? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिनाच्या ओतीव ब्लॉकला तडा जायला तेवढं पुरतं, आणि तो खर्च सहलीच्या खर्चाहून मोठा असतो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. जास्त सुरक्षित म्हणून निव्वळ कूलंट भरण्याचा मोहही टाळा. कूलंटमधलं मुख्य द्रव्य म्हणजे ग्लायकोल, आणि ते नुसतं असलं तर उणे १३ च्या आसपासच गोठतं, म्हणजे मिश्रणापेक्षा कितीतरी आधी. बाजारात तयार मिश्रणही मिळतं, त्यात वेगळं पाणी घालायचं नाही. डबा घेताना लेबल वाचा.

बॅटरीबद्दल संदेशात अवाक्षर नाही, आणि थंडीत सगळ्यात आधी दगा देते ती तीच. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य खातो तो उन्हाळा. थंडी फक्त ते उघडं पाडते. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा २० च्या आसपास असतो, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही इथे गाडी सुरू करून देते. शून्य अंशाला तिची ताकद साधारण दोन तृतीयांशावर येते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्यानं स्टार्टरला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षं जुनी बॅटरी असेल तर उत्तरेला निघण्याआधी फोंड्यात, मडगावात, जिथे नेहमी जाता तिथे तिची लोड टेस्ट (भार टाकून ताकद तपासणं) करून घ्या.

चाकांतली हवा कमी करायची गरज नाही, ती आपणहून कमी होते. पारा पाच-सहा अंश उतरला की दाब साधारण एक पीएसआय (हवा भरताना मोजतात ते दाबाचं एकक) घटतो. इथे ३० अंशांत भरलेली हवा उणे ५ मध्ये पाच-सहा पीएसआयनं उतरेल. मनालीच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यानं त्यातले तीनेक पीएसआय गेजवर परत दिसतात, पण घट उरतेच. त्यातून आणखी हवा काढली तर टायर गरम होतो आणि वळणावर गाडी ढिली वाटते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब, गाडी गार असताना, पोचल्या जागी तपासा.

पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला कार्बोरेटर आणि चोकच्या काळातला आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला गोव्यात अर्धा मिनिट पुरे, मग पहिली दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. इंजिन चालत्या गाडीत लवकर तापतं. उभ्या गाडीत पेट्रोल जळतं आणि शेजारच्या घरात धूर जातो.

गरम पाण्यानं काच तडकते, विशेषतः खडी उडून आधीच टवका गेलेली. दव वायपर पुसतो.

राहिलं रॉकेल. गोव्याच्या हवेत डिझेल घट्ट होतच नाही, तेव्हा इथे मिसळायला कारणच नाही. आजच्या डिझेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलच पुरवतं, आणि रॉकेलमध्ये ते पुरेसं नसतं. पंप आणि इंजेक्टर घासले की बिल हजारांत थांबत नाही. लडाखसारख्या ठिकाणी थंडीत साध्या डिझेलमधलं मेण धरतं हे खरं आहे. म्हणूनच इंडियन ऑइलनं २०१९ साली तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. तेव्हा खालच्या मुलखातलं डिझेल वाटेतच संपत आणा, वर चढताना तिथल्या पंपावर टाकी भरा, आणि रात्री गाडी लावण्याआधी भरा, सकाळी नव्हे.