अकरावीच्या समाजशास्त्राबद्दल फिरणारा मेसेज: खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पीयूसीला (अकरावी-बारावीला) आर्ट्समध्ये समाजशास्त्र घ्या. दहावीचाच समाज विषय आहे, कॉलेजला गेलं नाही तरी चालतं, गाईड वाचून पेपर निघतो.’

मी हाच विषय शिकवते, म्हणून लिहिते. दहावीच्या समाज विषयात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं येतं, समाजशास्त्राचा वाटा त्यात थोडाच. पीयूसीच्या समाजशास्त्रात कुटुंब, जात, विवाह, गाव, स्थलांतर यांचा अभ्यास स्वतंत्रपणे असतो. पेपर ८० गुणांचा, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे चाचण्या आणि प्रकल्प. ते गाईड वाचून मिळत नाहीत. हजेरीही ७५ टक्के लागते.

प्रकल्प कसला, तर साधाच. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकर गल्लीत राहणाऱ्या मुलीने चार घरांत विचारावं: आजोबा काय करायचे, वडील काय करतात, माग अजून चालतो का, घरात कुठली भाषा आणि बाजारात कुठली? मग ते नीट मांडावं. मुलं इथेच अडखळतात, कारण उत्तर आधीच ठरवून जातात. याउलट समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहून, बघून लिहीत होते. प्रभुत्वशाली जात, म्हणजे संख्या आणि जमिनीच्या जोरावर गावात वरचढ असलेली जात, ही कल्पना त्यातूनच पुढे आली.

विषय सोपा आहे असं मी म्हणणार नाही, रुक्ष मात्र नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेलाही तो वैकल्पिक म्हणून घेता येतो.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन अभ्यासक्रम बघा आणि हा विषय तिथे आहे का, तेही विचारा.