एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे आमवात नाही, असं नसतं

बोटांचे सांधे सुजलेल्या माणसाला कुणी ना कुणी हा मजकूर पाठवतंच: ‘आधी हाताचा एक्स-रे काढा. हाडं चांगली दिसली तर आमवात नाही, गोळ्या घेऊ नका. खात्री हवी तर थेट एमआरआय करा, त्यात सगळं कळतं. सोनोग्राफीत हाड दिसत नाही. सारखे एक्स-रे काढलेत तर कॅन्सर होईल. आणि हाड एकदा खराब झालं की औषधांचा उपयोग नाही.’ यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं आणि उपचाराचे पहिले, सगळ्यात मोलाचे महिने वाया जातात. इथे आमवात म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस. उतारवयात गुडघे झिजतात, तो आजार वेगळा.

‘हाडं चांगली दिसली तर आमवात नाही’

आमवाताची सुरुवात हाडात होत नाही, सांध्याच्या आतल्या अस्तरात होते. ते अस्तर सुजून जाड होतं आणि कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) जिथे संपते त्या उघड्या कडेपासून हाड कुरतडायला लागतं. या कुरतडीला डॉक्टर इरोजन म्हणतात. ती एक्स-रेवर उमटायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला फिल्म स्वच्छ येणं हे नेहमीचंच. आमवात ठरवण्याच्या १९८७ च्या निकषांत सातपैकी एक मुद्दा एक्स-रेचा होता. २०१० च्या निकषांत दहापैकी सहा गुण लागतात आणि ते मिळतात सुजलेले किंवा दुखरे सांधे किती व कोणते, आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या, सूज दाखवणाऱ्या ईएसआर किंवा सीआरपी या रक्ततपासण्या, आणि त्रास सहा आठवडे टिकला का, यावरून. एक्स-रेला त्यात गुणच नाहीत. आमवाताची ठरावीक कुरतड आधीच दिसत असेल तर गुण न मोजताही निदान मानता येतं, पण ती नसल्यामुळे आजार नाकारता येत नाही.

दुसरं असं, की एक्स-रे ही सावली आहे. पेरूला कडेला चावा घेतला तर भिंतीवरच्या सावलीत खाच दिसते, मधोमध घेतला तर सावली जवळपास तशीच राहते. हाडाचंही तेच. किरण ज्या कडेला घासून जातात, तिथलीच खाच नीट उमटते. म्हणून तळहात पालथा ठेवून काढलेल्या एका फिल्मवर थांबू नये. दोन्ही हात अर्धवट उताणे, चेंडू झेलायला धरतात तसे ठेवून आणखी एक फिल्म काढली, तर बोटांच्या मुळाशी लपलेल्या खाचा सापडू शकतात.

मजकुरात पावलांचा उल्लेखच नाही, आणि ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. कुरतड पुष्कळदा आधी पायाच्या करंगळीच्या मुळाशी, पाचव्या लांब हाडाच्या डोक्याच्या बाहेरच्या कडेला दिसते; हात तेव्हा साफ असतात. एक्स-रेच्या चिठ्ठीवर ‘दोन्ही हात, दोन्ही पावलं, इरोजन आहे का’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. नुसतं ‘हात दुखतो’ लिहिलं की रिपोर्ट फ्रॅक्चर शोधून मोकळा होतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, जोडवी काढून ठेवा. मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाचं टोक ही कुरतडीची आवडती जागा आणि बांगड्यांची सावली नेमकी तिथेच पडते. बोटं सपाट टेकलेली हवीत. वाकलेल्या बोटाचा सांधा फिल्मवर उगाच अरुंद दिसतो. पुढच्या वेळी हात तसाच ठेवला नाही, थोडा जरी कलला, तरी जुनी खाच गायब होते किंवा नवी ‘तयार’ होते. जुनी फिल्म किंवा सीडी जपून ठेवा. फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो तुलनेला चालत नाही.

तुलना मोजूनही करता येते. संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या शार्प–व्हॅन डर हायडे पद्धतीत हातापायांच्या ठरावीक सांध्यांना कुरतड आणि सांध्यातली कमी झालेली फट यांचे वेगवेगळे गुण देतात. कमाल बेरीज ४४८. रोजच्या ओपीडीत एवढं कुणी मोजत नाही. पण पहिली फिल्म हवीच, नाहीतर वर्षाने मोजायचं कशाशी?

‘एमआरआयमध्ये सगळं कळतं’

एमआरआयमध्ये एक्स-रेपेक्षा लवकर कळतं, हे खरं. हाडाच्या आत मगजात आलेली सूज फक्त तिथेच दिसते आणि ती असेल तर पुढे त्याच जागी कुरतड होण्याचा धोका जास्त असतो. पण निरोगी माणसांच्या मनगटातही, विशेषतः वय वाढल्यावर, कुरतडीसारख्या बारीक खाचा एमआरआयवर दिसतात. रक्तवाहिनी हाडात शिरते ती जागाही तशीच भासते. म्हणून खाच दोन दिशांच्या कापांत दिसली पाहिजे आणि किमान एकात हाडाचं कवच तुटलेलं दिसलं पाहिजे. डेन्मार्कमधल्या २०० रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार काबूत असताना एका गटाचे उपचार एमआरआय पाहूनही ठरवले. दोन वर्षांनी एक्स-रेवरची हानी त्या गटात कमी निघाली नाही, गंभीर दुष्परिणाम मात्र जास्त झाले. एमआरआय करावा तो निदान अडलेलं असेल तेव्हा.

‘सोनोग्राफीत हाड दिसत नाही’

हाडाच्या आतलं दिसत नाही, पृष्ठभाग उत्तम दिसतो. हाडाच्या पांढऱ्या रेषेत खंड पडला आणि प्रोब (त्वचेवर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) काटकोनात फिरवूनही तो टिकला, तर ती कुरतड. तर्जनी आणि करंगळीच्या मुळाचे सांधे कडेने नीट तपासता येतात. मधल्या दोन बोटांच्या सांध्यांची कड शेजारच्या हाडांमुळे हाती लागत नाही. सोनोग्राफीच्याच पॉवर डॉपलर या प्रकारात सुजलेल्या अस्तरातला रक्तप्रवाह दिसतो, पण प्रोब जोरात दाबला की तो पुसला जातो. म्हणून भरपूर जेल, हलका हात आणि थंडगार नसलेली बोटं.

‘सारखे एक्स-रे म्हणजे कॅन्सर’

हाताच्या एका एक्स-रेला साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). निसर्गातून वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतात. म्हणजे काही तासांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढा एक एक्स-रे. गरोदर असाल तर मात्र आधी सांगा.

‘हाड खराब झालं की औषधांचा उपयोग नाही’

झालेली खाच क्वचितच थोडी भरते. औषध असतं ते पुढची खाच होऊ नये म्हणून. एका सांध्याला खाच पडली तरी बाकीचे डझनावारी सांधे वाचवायचे असतात. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत आणि फिल्म बरी आली म्हणून मनाने बंद करायचं नाही.

मजकुरात मानेबद्दल चकार शब्द नाही. जुन्या आमवातात मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून सरकू शकतो. सरळ मानेच्या एक्स-रेत हे लपतं. बाजूने, मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन अशा दोन फिल्म लागतात. मान रुग्णाने स्वतः, जमेल तेवढीच हलवायची, कुणी ढकलायची नाही. मोठ्या माणसात या दोन मणक्यांमधली समोरची फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त झाली तर ते बरोबर नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर लगेच दाखवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात आहे हे आधी सांगा, कारण श्वासाची नळी घालताना मान मागे न्यावी लागते.