‘रडगाणं’ म्हणणाऱ्या वाचकाला: दिल्ली, बालेवाडी आणि अहमदाबाद 2030

नमस्कार. अहमदाबादला 2030 चे राष्ट्रकुल खेळ मिळाल्यावर, असे खेळ यजमानाला महागात पडतात असा लेख मी लिहिला होता. त्यावरची तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. ‘छान लेख’ म्हणून पुढे जाणाऱ्यांपेक्षा तुमच्यासारखे वाचक परवडले, निदान भांडायला मुद्दे तरी देतात. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझं लिखाण म्हणजे नेहमीचं रडगाणं. दिल्लीचे 2010 चे राष्ट्रकुल खेळ फसले ते भ्रष्टाचारामुळे, त्यात खेळांचा दोष नाही. ऑलिम्पिकमुळे बार्सिलोना आणि लंडनचं भलं झालं ते मला दिसत नाही. आणि ज्या पुण्यात बसून मी लिहितो, तिथलं बालेवाडीचं संकुल अशाच स्पर्धांमुळे उभं राहिलं आणि नेमबाज स्वप्नील कुसाळेने तिथेच सराव केला, हे मी सोयीस्कर विसरतो.

आधी भ्रष्टाचार. दिल्लीचं नाव निघालं की सगळ्यांना सुरेश कलमाडी आठवतात. पुण्याचे खासदार, आयोजन समितीचे अध्यक्ष, एप्रिल 2011 मध्ये सीबीआयने केलेली अटक. तो खटला टायमिंग-स्कोअरिंगच्या, म्हणजे वेळ आणि गुण मोजणाऱ्या यंत्रणेच्या कंत्राटाचा होता आणि सीबीआयच्या आरोपानुसार त्यात नुकसान होतं नव्वद कोटींच्या वर. (ईडीचं प्रकरण वेगळं. त्यात 2025 मध्ये क्लोजर रिपोर्ट आला आणि दिल्लीतल्या न्यायालयाने तो स्वीकारला.) आता दुसरा आकडा बघा. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2011 च्या अहवालात केंद्र आणि दिल्ली सरकार मिळून खेळांचं बजेट दिलंय 18,532 कोटी. नव्वद कोटी म्हणजे त्याचा जेमतेम अर्धा टक्का. बाकीची गाजलेली प्रकरणं त्यात मिळवा, टक्का वाढेल. पण चोर पकडले की खर्च आटोक्यात येतो, हे काही या आकड्यांवरून दिसत नाही. बराच पैसा रीतसर फायलींवरून, सह्या-शिक्क्यांनिशी गेला.

खरी गोम तारखेत आहे. दिल्लीला खेळ मिळाले नोव्हेंबर 2003 मध्ये. हातात सात वर्षं होती. पहिली काही वर्षं समित्या, पत्रव्यवहार आणि मानापमानात गेली, आणि मग ‘वेळ नाही’ हे कारण पुढे करून नियम बाजूला ठेवले गेले. कॅगने हे स्पष्ट लिहिलंय. 3 ऑक्टोबर 2010 ही तारीख जगाला सांगून झालेली, ती हलणार नाही हे कंत्राटदारालाही ठाऊक. लग्नाचा मुहूर्त आठवड्यावर आला की मांडववाल्याशी घासाघीस करता येत नाही, तसं. भाव तोच सांगतो. उद्घाटनाला दोन आठवडे राहिले असताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि मजूर जखमी झाले. खेळांसाठी म्हणून धावपळ करून बांधलेली विमानतळ मेट्रो सुरू झाली फेब्रुवारी 2011 मध्ये, पाहुणे घरी गेल्यावर. आणि पैसे कमी पडले तेव्हा अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेतले शेकडो कोटी खेळांकडे वळवले, हे गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्य केलं. यात कुणी खिशात काही घातलं नसेल. तुमच्या हिशेबात हा भ्रष्टाचार धरता की नाही?

बरं, हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1960 पासूनची ज्यांचे आकडे मिळतात ती सगळी ऑलिम्पिक तपासली. एकही बजेटात बसलेलं नाही. नॉर्वेचं लिलहॅमरही नाही. नॉर्वेजियन लोक काय सगळे चोर? मॉन्ट्रियलचे महापौर द्रापो सांगायचे की पुरुषाला मूल होत नाही तसा ऑलिम्पिकला तोटा होत नाही. 1976 च्या त्या खेळांचं कर्ज फिटलं 2006 मध्ये. स्टेडियमचं छत अजून लोकांच्या मानगुटीवर आहेच. ते नव्याने बसवायला 87 कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर झाले, तेही 2024 साली.

बार्सिलोनाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त तिथे काय झालं ते नीट बघू. रिंगरोड, सांडपाण्याची व्यवस्था, रेल्वेरुळांनी आणि कारखान्यांनी अडवलेला समुद्रकिनारा मोकळा करणं, ही कामं शहराला हवीच होती. स्टेडियमवरचा खर्च त्या मानाने किरकोळ होता. लंडनचं उदाहरण मात्र तुमच्या उपयोगाचं नाही. बोली लावताना 2.4 अब्ज पौंड सांगितले होते, दोन वर्षांत बजेट 9.3 अब्जांवर गेलं. खेळ संपल्यावर स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला 30 कोटींहून जास्त पौंड लागले, आणि तिथे खेळणाऱ्या वेस्ट हॅम क्लबचं भाडं करारात ठरलं वर्षाला साधारण 25 लाख पौंड. भागाकार तुम्हीच करा. पर्यटनाबद्दल एवढंच सांगतो, ऑगस्ट 2012 मध्ये ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी होते. गर्दीच्या आणि महागाईच्या धास्तीने नेहमीचे लोक आलेच नाहीत.

फायदा झाला तो लॉस एंजेलिसला, 1984 मध्ये. मॉन्ट्रियलचे हाल बघून कुणी पुढे यायला तयार नव्हतं. तेहरानने माघार घेतली आणि एकच शहर उरलं. तिथल्या मतदारांनी 1978 मध्येच शहराच्या सनदेत दुरुस्ती करून ठेवली होती की परत मिळण्याची हमी असल्याशिवाय पालिकेचा पैसा खेळांना द्यायचा नाही. ऑलिम्पिक समितीला त्यांच्या अटी ऐकाव्या लागल्या. जुनं कोलिझियम वापरलं, राहायला विद्यापीठांची वसतिगृहं घेतली, आणि वर वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक पडली.

मला राग याचाच येतो. 2030 साठी आपण जवळजवळ त्याच जागी होतो! डर्बनकडून 2022 चे खेळ काढून घ्यावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2026 चे खेळ जुलै 2023 मध्ये सोडले, कारण 2.6 अब्ज डॉलरचा अंदाज सहा अब्जांच्या पुढे चालला होता. भरपाई म्हणून 38 कोटी डॉलर मोजले आणि मोकळे झाले. मग ग्लासगोने ते घेतले, पण दहाच खेळ, चार ठिकाणं आणि नवीन स्टेडियम शून्य, या अटीवर. हॉकी, कुस्ती, नेमबाजी, बॅडमिंटन गेल्याचं आपल्याला दुःख झालं, पण पैसे देणाऱ्याने असंच बोलायचं असतं. राष्ट्रकुल खेळांना आज यजमान शोधावा लागतो. शंभरावं वर्ष आणि यजमान मिळायची मारामार, ही त्यांची अडचण होती. आपण अटी घालायच्या सोडून वाजतगाजत नोव्हेंबर 2025 मध्ये मान पुढे केली.

आता बालेवाडी. तुम्हाला वाटतं तो माझा कच्चा दुवा आहे. मी म्हणतो तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी संकुल उभं राहिलं. 2008 मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा खेळ झाले, 2013 मध्ये चेन्नईने नाही म्हटल्यावर आशियाई अ‍ॅथलेटिक्स आलं, मग एटीपीचं टेनिस, 2022 मध्ये महिलांचा आशियाई फुटबॉल करंडक. एकदा बांधलेलं पुन्हा पुन्हा वापरलं, म्हणून तो खर्च पचला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेही आधीपासून उभं असलेलं मैदान. असे यजमान आपण दर वर्षी व्हावं, माझी काही तक्रार नाही.

पण बालेवाडीतही काय सांभाळलं जातं आणि काय नाही हे पुणेकरांना माहीत आहे. जून 2021 मध्ये नेत्यांची बैठक होती तेव्हा गाड्या थेट अ‍ॅथलेटिक्सच्या ट्रॅकवर आणून लावल्या. ज्या ट्रॅकवर पोरं स्पाइक्स घालून धावतात, त्यावर एसयूव्ही. फोटो सगळीकडे फिरले, क्रीडा खात्याने दिलगिरी व्यक्त केली, संपलं. मैदान बांधायला जेवढी हौस असते तेवढी ते राखायला नसते.

स्वप्नील कुसाळेचं नाव तुम्ही घेतलंत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पॅरिसमध्ये ब्राँझ, खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बालेवाडीच्या रेंजवर तो सराव करत होता, खरंय. रेंज नसती तर अवघड होतं, तेही खरं. पण तो घडला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. वसतिगृह, मेस, प्रशिक्षकाचा पगार, काडतुसं, आणि पुढे रेल्वेतली नोकरी. हा खर्च दर महिन्याला करावा लागतो, त्याचं उद्घाटन होत नाही आणि त्यावर कुणाचा फोटो लागत नाही. बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथे लागते, ही माझी भीती आहे.

दिल्लीचं नेहरू स्टेडियम 1982 च्या एशियाडला बांधलं, 2010 साठी त्यावर साडेनऊशे कोटींच्या आसपास ओतले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये क्रीडा मंत्रालयाने ते पाडून तिथे स्पोर्ट्स सिटी करायची योजना सांगितली. पंधरा वर्षं. लोकांचे गृहकर्जाचे हप्तेसुद्धा एवढ्यात फिटत नाहीत.

तेव्हा अहमदाबादबद्दल माझं मागणं साधं आहे. यजमानपदाचा करार आत्ताच लोकांसमोर ठेवा. बजेट वाढलं तर वरचा पैसा केंद्र देणार, गुजरात देणार की अहमदाबाद महापालिका, हे निविदा निघायच्या आधी लिहून द्या. जे नवीन बांधाल त्याच्या 2031 पासूनच्या देखभालीचा खर्च कुणाच्या खात्यावर, तेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 2036 च्या ऑलिम्पिकसाठी आपण ऑक्टोबर 2024 मध्येच इरादापत्र दिलंय, त्यामुळे 2030 ला ‘रंगीत तालीम’ म्हणायची पद्धत पडलीय. त्या नावाखाली राष्ट्रकुलला पुरेल त्याच्या दुप्पट मापाची बांधकामं होतील, आणि 2036 दुसऱ्या कुणाला मिळालं तरी त्यांचं बिल आपल्यालाच येईल. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते वाचायला आवडेल.